गोमाजी नाईकांचें चुनखडीचें रान आणि पगडीची हकीकत

श्री. मुळापासोन शेंड्यापावेतों जी एकच, त्या वनदेवतेस दंडवत घालोन लिहिलें ऐसीजे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. नाव क्रोधी, परंतु साल गोड गेलें, तें कैसें तें ऐकावें.

राज्यांत कारखान्यांचा धूर दाटला आणि महाराजांस खोकला लागला, मग हुकूम सुटला कीं धुरांतील कर्ब झाडांकरवीं कोंडावा, आणि दोघां सरदारांस साग लावावयास सांगितलें. सटवोजीराव वशिल्याचे, त्यांस रेताड खडकाचा भुसभुशीत डोंगर मिळाला. गोमाजी नाईक भिडस्त, त्यांचे पदरीं चुनखडीचा डोंगर पडला, जेथें खडक दात विचकून उभे आणि माती काय ती भेगांत. एक तप लोटलें आणि महाराज जातीनें मोजणीस आले. राज्याची चाल ऐसी कीं बुंधा मोजावा तो पगडी उलगडोन तिचे वेढे घालोन, आणि ज्याचीं झाडें बारीक त्यानें आपली पगडी आपल्याच रानांत पुरोन बोडकें घरीं जावें. नाईकांची पगडी बापाची. निघतां कुटुंब जानकूबाई बोलली, "पगडी गेली तर जावो, रान आपलें गोजिरें आहे." हें ऐकोन नाईकांस अधिकच रडूं आलें.

मग सटवोजीरावांचे सागास पगडी चार वेढ्यांत सरली आणि नाईकांचे सागास वेढे घालतां घालतां हुजऱ्यास भोवळ आली. सटवोजीराव मिशांस पीळ देवोन बोलिले, "नाईक, हा साग कीं दातकोरणीं?" नाईकांनीं मान खालीं घालोन एका भेगेंत खणावयास घेतलें, आणि काळीभोर माती निघाली, आणि कंबरभर गेले तरी काळीच. पगडी आंत ठेविली आणि वर माती लोटणार, तों महाराज वाकोन पुसते जाहले कीं हें काळें तें काय.

नाईक बोलिले, "महाराज, हा झाडांचाच पाला. धूर प्याला तो पानांत आला, पानें कुजलीं, तों चुन्यानें धरोन ठेविलीं. कर्ब तो हाच."

मग महाराजांनीं सटवोजीरावांसही त्यांचे डोंगरावर खणावयास लाविलें, आणि वीतभर जातां फिकट रेती लागली, कां कीं तेथील पाला कुजोन पुन्हां हवेंतच गेला होता. वरचें खालचें एकत्र धरितां नाईकांचें पारडें जड जाहलें. महाराज मनमुराद हांसले, खोकलेही, आणि बोलिले, "नाईक, पगडी काढा बाहेर."

नाईक मातीसकट पगडी डोईस घालोन घरीं आले. जानकूबाई धुवावयास मागती जाहली, तों देईनात.

इत्यर्थ इतकाच कीं रान जोखणें तर आधीं खडकास पुसावें. त्या राज्यांत तेव्हांपासोन मोजणीस पगडीबरोबर कुदळही जाते, आणि सटवोजीराव ती स्वतः वाहतात.