फक्कीतली मोटार

माझा धाकटा भाऊ दौलत रोज सकाळी अंगणात भुईवर बसून मोटार चालवायचा. मोटार नव्हतीच. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशा फक्कीच्या पांढऱ्या रेघा, बसायला पाट, हातात पिठाची चाळण आणि डाव्या बाजूला गिअर म्हणून मातीत रोवलेलं माझं लाटणं. भाकरी थापायच्या असतात, लाटण्यावाचून अडत नाही. चाळणीवरून मात्र रोज भांडण.

फौजेच्या वर्कशॉपातून पेन्शन घेऊन तो कोरेगावला आला, तेव्हा ट्रंकेत साहेबानं दिलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. विलायतेत म्हणे शर्यतीच्या गाड्यांच्या नकला खोक्यात भरून मिळतात आणि लोक त्या घरी जोडतात. पुस्तकात त्यांची चित्रं, मापं. खोकं काही इकडं येणार नव्हतं. म्हणून दौलतनं ठरवलं, चित्र निवडायचं, लिलावात घेतलेल्या जुन्या जीपचा सांगाडा त्या मापाला कापायचा आणि वरचा पत्रा गणू लोहाराकडून ठोकून घ्यायचा. गणूचा हात गुळाच्या काहिलींवर बसलेला.

गणू म्हणाला, "आवं हवालदार, जीपच चालवा की."

"जीपीत माणूस खुर्चीवानी बसतंय. मला पाय पसरून बसायची गाडी पायजे."

बघा ऐट.

"पण सांगाडा एकच हाय," दौलत म्हणायचा. "एकदा कापला की कापला. माप चुकलं तर भंगार."

दोन वर्षं निवड चालली. स्वतःला बायको बघायला त्याला एवढा वेळ लागला नव्हता, बघितलीच नाही. एकेक गाडी फक्कीनं आखायची, दोन दिवस चालवायची आणि म्हणायचं, "रिजेक्ट." एकीची दारं खुराड्यासारखी वर उघडायची. रिजेक्ट. एकीची चाकं बैलगाडीच्या चाकोरीत बसेनात. रिजेक्ट.

"विलायतेत बैलगाड्या नसतील," गणू म्हणाला.

"मग आपल्याला चित्रं कशाला धाडत्यात?"

शेवटी एक तांबडी पास झाली. बसकी, लांब नाकाची. तिचं पान फाडून त्यानं देव्हाऱ्याजवळ चिकटवलं. मी काढलं नाही. तिथं भिंतीचा पोपडा निघाला होता, तो झाकला गेला.

कापायच्या दिवशी नारळ फुटला. गणूनं करवत काढली. दौलत म्हणाला, "आक्का, जरा शेजारी बस बरं."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"बस म्हणतो न्हवं."

आठ वर्षांमागं मी विहिरीच्या पायरीवरून पडले. मिरजेच्या डॉक्टरांनी पाय वाचवला, पण गुडघा वाकेनासा झाला. एसटीत बसले की माझा पाय सगळ्यांच्या वाटेत. कंडक्टरची बोलणी ऐकून मी जाणंच सोडलं. लेक पाटणला दिलीय. ती येते, मी जात नाही. या गोष्टीवर आमच्या घरात कोणी बोलत नाही.

दौलतनं खांद्याला धरून मला रेघांच्या आत दुसऱ्या पाटावर उतरवलं. पाय पसरला तर टाच रेघेच्या चार बोटं बाहेर.

"मागं सरक."

"मागं तुझं चाक हाय."

तो उकिडवा बसून टाचेकडं बघत राहिला. मग म्हणाला, "रिजेक्ट."

गणू करवत हातात धरून उभा. "काल पास व्हती की. नारळ फोडलाय आपण."

"नाक लय लांब हाय तिचं."

"नाकावरच तर भाळला व्हतासा."

दौलतनं पुस्तक मिटलं आणि फक्कीचं डबडं आणलं. "बसायची जागा चार बोटं लांब ठेव. नाकातनं काढू तेवढं."

"मग चित्रावानी न्हाई दिसायची. म्हशीवानी दिसंल."

"दिसू दे. पाटणपतुर पाय आखडून न्यायचा का तिचा?"

गणूनं करवत खाली ठेवली.

"आक्का, हलू नगं. खूण करतो."

ऊन टाचेवर आलं होतं. फक्की नाकात जात होती. आत चुलीवरची आमटी करपल्याचा वास येत होता. पण त्याची खूण होईस्तोवर मी टाच जागची हलवली नाही.