पाटीवरचा आकडा

लेकीला वास्तुकलेच्या त्या कॉलेजात प्रवेश मिळेल की नाही, हे ठरवायला बाबांनी एक रविवार आणि एक दोनशेपानी वही खर्ची घातली. जागा फक्त चाळीस, अर्ज करणारे हजारावर. बाबांनी मागच्या दहा वर्षांच्या प्रवेशयाद्या मिळवल्या, लेकीचे गुण मांडले, तिच्या चित्रांना गुण दिले, मुलाखतीत ती दोनदा अडखळणार हेही धरलं, आणि संध्याकाळी पेनाला टोपण लावलं तेव्हा आकडा आला शंभरात सत्तर.

आता सत्तर म्हणजे काही वाईट नाही हो. दुसरा कुणी असता तर उठून लेकीची पाठ थोपटली असती. पण बाबा पडले लिफ्ट-तपासनीस. लिफ्ट दहा माणसं आरामात उचलत असली तरी आत पाटी लावायची ती सहाची, हे सव्वीस वर्षांत त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. माणूस ज्याच्या भरवशावर पाऊल टाकणार, त्याचा आकडा कमीच सांगावा. म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी बायकोला सांगितलं, "साठ धर."

गोष्ट इथेच थांबली असती तर सगळ्यांचाच जीव वाचला असता. पण आई शिवणकाम करते, आणि माप कितीही नेमकं असो, शिवणीत दोन बोटं कापड दाबून ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिने साठातले पंधरा आत दाबले आणि ड्यूटीवर गेलेल्या नणंदेला फोनवर पंचेचाळीस सांगितले. नणंद, म्हणजे लेकीची आत्या, हॉस्पिटलात नर्स. पेशंट सकाळी घरी जायच्या लायकीचा झाला तरी नातेवाइकांना "अजून दोन दिवस बघू" म्हणायचं, ही तिची रीत. आशा थोडी दिली की माणसं नंतर जास्त खूश होतात, असं तिचं म्हणणं. तिने पंचेचाळिसाचे वीस करून आजोबांच्या कानावर घातले.

आजोबांची उभी हयात बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत गेलेली. सव्वादहाची बस असली की ते दहाची सांगत. चाळीस वर्षांत त्यांच्या शब्दावर निघालेल्या एकाचीही बस चुकली नाही, याचा त्यांना कोण अभिमान. तर आजोबांनी विसातले पंधरा हाताशी ठेवले, नातीला गॅलरीत बोलावलं आणि अगदी मायेने सांगितलं, "बाळ, शंभरात पाच समज. मनाची तयारी असलेली बरी."

गंमत बघा, या घरात प्रत्येक जण पिढीजात वजाबाकी करणारा, पण समोरचाही करत असेल अशी शंका एकालाही आली नाही.

मुलगी रडली वगैरे नाही. पाच म्हटल्यावर तिने भरलेला अर्ज निमूटपणे खणात टाकला. लहानपणापासून ती कागदावर घरं बांधत आली होती, खिडकीतून ऊन कुठे पडेल ते खडूने रंगवत आली होती, आणि आता तिने चित्रांचा मोठा लाकडी फळा आईला कापड बेतायला देऊन टाकला. आईला वाईट वाटलं, पण पोरगी समजूतदार आहे असं मानून तिने त्यावर अस्तर पसरलं. आत्या येता-जाता तिच्याशी ऑपरेशन झालेल्या माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलू लागली. आजोबांनी तर कोपऱ्यावरच्या कॉलेजचा अर्ज आणून, स्वतःच्या वळणदार अक्षरात भरून, पोचही घेतली. तिथे जो जाईल त्याला प्रवेश मिळतो. बाबांना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लेक गप्प आहे म्हणजे मुलाखतीची तयारी करते आहे, असं समजून ते घरात पाय न वाजवता फिरत होते.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी ते मुद्दाम लवकर घरी आले. बघतात तर फळ्यावर कात्री चाललेली.

"हा फळा इथे कसा?"

"तिनेच दिला," आई म्हणाली. "म्हणाली, आता लागायचा नाही."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी लेकीला हाक मारली आणि अर्जाचं विचारलं. अर्ज खणात होता. मग चौकशी सुरू झाली, आणि आजोबा चौकशीच्या दुसऱ्या बाजूला आयुष्यात पहिल्यांदाच बसले. आजोबांनी आत्याकडे बोट दाखवलं, आत्याने वहिनीकडे, आणि आई म्हणाली, "मला तर ह्यांनीच साठ सांगितले."

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी चष्मा पुसला.

"आले सत्तर होते," ते म्हणाले.

मुलीने ती दोनशेपानी वही उघडली. दोन पानं उलटली आणि तिचं बोट थांबलं. "बाबा, गणितात मला ब्याण्णव आहेत. इथे सत्त्याऐंशी का?"

"सुरक्षेसाठी," बाबा पुटपुटले.

प्रत्येक विषयात पाच-पाच. चित्रांचेही कापलेले. मुलीने पेन्सिल घेतली आणि उभ्याउभ्याच सगळं पुन्हा मांडलं. आकडा किती आला ते तिने कुणाला सांगितलं नाही, नाहीतर सगळे परत वजाबाकीला बसले असते. पण तिचे कान लाल झाले आणि तिने खणातून अर्ज काढला.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. अर्ज घ्यायची खिडकी बंद व्हायची पाचला, आणि कॉलेज पंचवीस मिनिटांवर. आई मटकन खाली बसली. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा तेवढे शांत होते. "निघा तुम्ही," ते म्हणाले. "मिळेल." चाळीस वर्षांच्या त्या आवाजापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती. बाप-लेक धावत सुटले.

बाबा धापा टाकत खिडकीशी पोचले आणि आतल्या कारकुनाला उशिराबद्दल हात जोडून विनवायला लागले. कारकुनाने अर्जावर शिक्का मारला आणि वैतागून मागच्या घड्याळाकडे मान वळवली. पाचला पाच मिनिटं होती. शेवटची तारीख कळल्या दिवशीच आजोबांनी घरचं घड्याळ गुपचूप वीस मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. नातीला आशा नाही असं सांगूनही, न जाणो, तिची बस चुकू नये म्हणून.

पुढे मुलाखत झाली. मुलगी अडखळली, पण एकदाच. आणि यादी लागली तेव्हा तिचं नाव चौथं होतं. हजारात चौथं! आईने त्याच दिवशी फळा धुऊनपुसून परत जागेवर नेऊन ठेवला. बाबांनी मात्र ऑफिसात "चाळिसात बसली" एवढंच सांगितलं. सवय जाते का अशी.

प्रवेशाच्या दिवशी पाचही जण कॉलेजात गेले. कार्यालय सहाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये पाटी होती: सहा माणसे. बाबांनी दोर, दार, बटणं सगळं नजरेखालून घातलं आणि म्हणाले, "दोघं जण जिन्याने जाऊ."

"बाबा," मुलगी म्हणाली, "पाटीवरचा आकडा आधीच कमी केलेला असतो ना?"

बाबा आत शिरले. दार बंद होता होता एक जाडजूड गृहस्थ फायली सावरत आत घुसले. बरोबर सहा झाले. बाबांनी श्वास रोखला. लिफ्ट हलली.

"प्रवेशाला वाटतं?" गृहस्थांनी मुलीकडे बघत विचारलं. "कितवा नंबर?"

आईने पदर सारखा केला. आत्याने वर बघितलं. आजोबा खाकरले. तिघांच्याही तोंडात आपापला मागे सरकवलेला नंबर तयार होता. पण बाबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"चौथा," ते म्हणाले. "पुरता चौथा. यात मी काहीही धरून ठेवलेलं नाही."

आणि लिफ्ट सहाही जणांना घेऊन थेट सहाव्या मजल्यावर जाऊन थांबली.