सत्तर टक्के छप्पर आणि एक कप कॉफी

माणसाचं लक्ष ही संस्थेची सर्वांत मोठी संपत्ती असते, आणि मोठी संपत्ती उगाच वापरून झिजवायची नसते. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कंपनीत हे तत्त्व निष्ठेने पाळलं जाई. दर सोमवारी सकाळी लांबट टेबलाभोवती सगळे विभाग जमत, डोळे उघडे ठेवून झोपत आणि ताजेतवाने होऊन कामाला लागत. त्यांना झोप लागावी म्हणून नियोजन विभागाचे आढावाकाका कामांचा आढावा वाचत. (त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते ऐकायला कुणी जागं राहिलं नव्हतं.)

काकांनी हा आढावा एकदाच लिहिला होता. पुढे फक्त तारीख बदलायची. त्यातलं सर्वांच्या अंगवळणी पडलेलं वाक्य म्हणजे 'गोदामाचं छप्पर सत्तर टक्के पूर्ण.' ठेकेदार काम अर्धवट टाकून कधीच पसार झाला होता आणि उरलेले तीस टक्के नेमके मालाच्या वर होते. काका हे सांगायला आधी विसरले, मग लाजले, मग सरावले.

यंदा मात्र काकांच्या बढतीचं घाटत होतं. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती. तिला हात होते, चाकं होती. साहेबांना काहीतरी अभिनव हवं होतं, म्हणून काकांनी सुचवलं : सभेआधी सगळ्यांना कॉफी द्यावी. साहेब खूश झाले. परिपत्रक निघालं. त्यानुसार कॉफीचे चार परिणाम अपेक्षित होते : (अ) झोप आल्याचा निरोप मेंदूच्या दारातच अडतो, जसा 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणून शिपाई माणसाला अडवतो, (आ) प्रतिसाद झटपट येतो (विचार मागाहून आला तरी चालतो), (इ) अत्यंत कंटाळवाण्या कामातही लक्ष टिकून राहतं. या चारही परिणामांशी सहमत असल्याच्या सह्या सगळ्यांनी केल्या.

(इ) म्हणजे आपणच, हे काकांच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या सोमवारी हिशेब विभागातल्या मॅडमनी दोन कप घेतले. काका छपरापर्यंत पोचले आणि त्या दालनात पूर्वी कधीही न ऐकलेले शब्द ऐकू आले.

"काका, एक मिनिट. मागच्या सोमवारीही सत्तरच होतं ना?"

"हो. म्हणजे... टिकवून धरलंय."

"मग दरवर्षी भिजलेले खोके मी 'नैसर्गिक घट' म्हणून कशाला दाखवते?"

साहेब (पित्तामुळे कॉफी न घेतलेले) दचकून म्हणाले, "पुढच्या सोमवारी सविस्तर सांगा."

काका घरी आले ते बूट न काढताच स्वयंपाकघरात बसले.

"अहो, झालं तरी काय?" बायकोने विचारलं.

"लोक ऐकायला लागलेत."

"कुणाचं?"

"माझं."

"अगंबाई! लग्नाला इतकी वर्षं झाली, मला नाही हो जमलं ते." तिने कप पुढे सरकवला. "ही घ्या. डॉक्टरांनी मला सांगितलेली, कॅफिन काढून टाकलेली. वास कॉफीचा, चव कॉफीची, काम मात्र शून्य. तुमच्या ऑफिसासारखी."

काकांनी डब्याकडे पाहिलं. बायकोचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकल्याची ही पहिलीच नोंद.

पुढच्या सोमवारी यंत्रात पूड भरायला काका स्वतः सर्वांच्या आधी हजर होते. सगळे प्यायले आणि तत्काळ उजळले. "वा! डोकं कसं लख्ख झालं," खरेदीवाले तात्या म्हणाले. मॅडमनी दोन कप घेऊन पाठ ताठ केली, पेनचं टोपण काढलं. काकांनी मात्र धीर यावा म्हणून घरून खऱ्या कॉफीचे चार कप रिचवले होते. जीभ भरधाव सुटली होती, आणि ऐन मोक्याला ती घसरली :

"गोदामाचं छप्पर... साठ टक्के पूर्ण."

मॅडमनी मान वर केली. काकांना खुर्चीची चाकं दूर जाताना दिसली.

"बघा!" मॅडम म्हणाल्या. "विचारलं की कामाला कसा वेग येतो!"

टाळ्या पडल्या. सर्वेक्षणात ब्याण्णव टक्के लोकांनी आपलं लक्ष वाढल्याचं कळवलं. (उरलेल्या आठ टक्क्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता.) काकांना बढती मिळाली. नव्या खुर्चीला कार्यालयात जागा नव्हती, म्हणून ती गोदामात, खोक्यांच्या शेजारी मांडण्यात आली. पहिल्याच पावसात काका नखशिखांत भिजले. मॅडमनी त्यांना नैसर्गिक घटीत दाखवलं.

यात हसण्यासारखं काही नाही. परिपत्रकात परिणाम चार म्हटले होते, दिले होते तीनच, आणि तुम्हीही मान डोलावून पुढे आलात. आता मागे जाऊन मोजू नका. एक कप घ्या. तो कुठल्या डब्यातला द्यायचा, ते काका बघतील.