तात्यांची चांदणी

आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे वेलांट्या चुकतील आणि अक्षरही वाकडंतिकडं येईल. पण आमच्या भगवानतात्यांबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

तात्या निरवांगीत आमच्या शेजारच्या मळ्यात एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांना माणसं दिसतच नाहीत, घोडे दिसतात. माझ्या पुतण्यासाठी वडगाव निंबाळकरला मुलगी बघायला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून तात्यांना नेलं. मुलगी पोहे घेऊन आली. तात्यांनी एक डोळा मिटून तिला बघितलं आणि म्हणाले, "अस्सल कुमैत हाय."

"म्हंजी?" मुलीच्या बापाने विचारलं.

"तांबूस घोडी, आयाळ काळी. लई कष्टाळू जात."

पोहे तसेच राहिले. लग्न मात्र झालं. ती सून आजही तात्या लांबून दिसले की खिंकाळून दाखवते.

आमचे मालक भिंतीला चुना देऊन अंगभर शिंतोडे घेऊन आले, की तात्या बांधावरून ओरडतात, "आला बघा आमचा अबलक! पांढऱ्या डागांचा घोडा!"

दरवर्षी ते अकलूजच्या घोडेबाजाराला जायचे. लोक त्यांना मुद्दाम बोलावून जनावर दाखवायचे. चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी कुठला आणि कुणी रंग फासून केलेला कुठला, हे तात्या दहा पावलांवरून सांगायचे. वर म्हणायचे, "रंग खोटं बोलत न्हाय." पण स्वतःचा घोडा त्यांनी कधी घेतला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी तिथं त्यांना एक तरणी घोडी दिसली. राखाडी अंग आणि त्यावर गोल गोल फिके ठिपके, चांदणं सांडल्यासारखे. तात्यांना वीस हजार कमी पडले. शेळ्या विकून मी मुलीसाठी ठेवले होते, ते दिले.

विकणारा माणूस खरा होता. तो म्हणाला, "तात्या, हा रंग टिकायचा न्हाय. वय वाढंल तशी पांढरी पडंल."

तात्यांनी त्यालाच अर्धा तास शिकवलं. "पांढरी पडती ती सब्जी. ही सब्जी न्हाय, ही चांदणी हाय!" घोड्यांत अशी जात नाही. ती तात्यांनी तिथल्या तिथं काढली.

तीन वर्षांत घोडीचं अंग उजळायला लागलं आणि ठिपके त्यात बुडायला लागले. पैसे परत द्यायला जमत नव्हते, म्हणून तात्या रोज संध्याकाळी येऊन खबर द्यायचे. "सूनबाई, डाव्या मांडीवरचं तीन गेलं. ही खबर व्याज समजा."

मालक मला म्हणायचे, "बघ, तुझं पैसं बांधावर चरत्यात."

तात्यांनी आधी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, मग उन्हाला. घोडीवर जुन्या साड्यांचं छत धरलं. काळे तीळ चारले. शेवटी मला माक्याचं तेल काढायला लावलं. माणसाचे केस काळे राहतात, मग घोडीचे का नाही? आम्ही दोघांनी तिला तेल चोळलं. त्यावर धूळ बसून घोडी दोन दिवस खरंच काळपट दिसली. तात्यांनी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी ती कालव्यात उतरली आणि पांढरी होऊन वर आली.

इंदापूरचा एक बँडवाला दोनदा येऊन गेला. वरातीला पांढरी घोडी पाहिजे होती. तात्यांनी काठी उगारली. "डोळं फुटलं का? ठिपक्याची हाय ती!"

यंदा माझ्या मुलीचा बारामतीला नर्सिंगला नंबर लागला. फी जूनच्या आत भरायची होती. मला मागायला जमत नाही. तीन वेळा तात्यांकडे गेले आणि तीन वेळा घोडीला तेल चोळून परत आले. चौथ्या वेळी कसंबसं म्हणाले, "तात्या, घोडी विकली तर?"

तात्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाले, "इकू? सकाळी दार उघडलं की ती मान वळवून बघती. हितं दुसरं कोण बघतंय माझ्याकडं?"

माझी मान खाली गेली. निघताना मी एवढंच बोलले, "पोरीची फी भरायची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून बघते तर तात्या शाम्पूच्या पुड्या फोडून घोडी धूत होते. माझं सगळं तेल घासून काढत होते. मालकांना म्हणाले, "त्या बँडवाल्याला फोन लाव."

लग्नसराईभर तात्या फेटा बांधून, लगाम धरून वरातीपुढं चालले. डीजेच्या आवाजात प्रत्येक नवरदेवाला ओरडून सांगायचे, "नीट बसा. पांढरी दिसती, पण चांदणी हाय!"

जून लागायच्या आधी ते आमच्या ओट्यावर आले. नोटांची घडी पुढं ठेवली. नोटांना हळद लागलेली होती.

"मोजून घ्या, सूनबाई. फिटलं."

ते उठले, अंगणापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग आता उद्यापासनं संध्याकाळचं यायचं न्हाय का?"

"यायचं," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यांदा बोलले, की मालक घरातून बाहेर आले.

मग मी पैसे मोजले. पुरे वीस हजार होते.