घरचा पावना

वीरधवलने अंगणात ट्रंक टेकवली, बुटाच्या नाड्याही अजून सोडल्या नव्हत्या, तोच शेजारच्या अंबूबाईने कुंपणावरून आवाज टाकला, "बनू, अगं पावनं आलं की तुझं!" फौजेतल्या पोराची अशी थट्टा करायची कडेगावच्या बाजूला रीतच आहे. वर्षातून एकदा येणार, महिनाभर राहणार, कोंबडं खाऊन जाणार. मग तो पाहुणा नाही तर कोण? सगळे हसले. वीरधवलची आई बनुबाई भाकरतुकडा ओवाळता ओवाळता हसली, बायको क्रांती दाराआडून हसली. हसली नाही ती फक्त त्याची अडीच वर्षांची लेक, शिवांजली. तिने ते नाव नीट ध्यानात ठेवलं.

"पावनं," दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्यापुढे येऊन म्हणाली, "माजा बॉल द्या."

त्या दिवशी घरभर हसू पिकलं. चौथ्या दिवशी ते वीरधवलला पचेना. कारण घरात 'पप्पा' नव्हता असं नाही. चांगला सहा फुटी पप्पा होता, आणि तो होता थोरला भाऊ ऋषिराज. त्याची दोन पोरं त्याला पप्पा म्हणायची, त्यांचं ऐकून शिवूही म्हणायला लागली. एकत्र घरात असं होतंच. कुणी आजीला आई म्हणतं, कुणी बापाला नावाने हाक मारतं. कुणी तिला टोकलं नाही. टोकायला ज्याने हवं होतं तो बर्फात पहारा देत होता.

"पप्पा म्हण की गं मला," वीरधवल तिच्यापुढे चॉकलेट धरून म्हणायचा. "म्हण, पऽप्पा."

"पप्पा," शिवू म्हणायची, चॉकलेट घ्यायची, आणि "पप्पा, ह्ये घ्या, अर्दं तुमाला!" म्हणत ऋषिराजकडे पळायची. ऋषिराज बिचारा चोरासारखा गोठ्यात जायचा. ती मागोमाग गोठ्यात.

सुट्टी उतरत्या उन्हासारखी भराभरा सरत होती. शेवटी क्रांतीनेच तोडगा काढला. "आवं, हितं थोरलं दाजी डोळ्यापुढं हायेत तवर ती तुमच्याकडं बघायची न्हाई. आपुन तिघंच जाऊ कुटंतरी. दिवसभर तुमीच खेळवा, तुमीच भरवा. पोरच हाय ती, लागंल वळन."

उंब्रजच्या पुढे हायवेला नवा वॉटर पार्क झाला होता. घसरगुंड्या, कारंजी, थंडगार पाणी. वैशाखात पोराला आणखी काय हवं? भल्या सकाळी तिघे ऋषिराजच्या मोटारसायकलवरून निघाले. आपला पप्पा मागेच राहिला हे शिवूला गाव ओलांडल्यावर कळलं. तिथून तिने जो सूर लावला तो वॉटर पार्कच्या फाटकापर्यंत उतरला नाही.

आत गेल्यावर नियम असा की मोबाईल, पाकीट, सगळं कपाटात ठेवायचं आणि अंगावर भाड्याचे नायलॉनचे कपडे घालायचे. वीरधवलच्या वाट्याला नारळाची झाडं छापलेली गुलाबी चड्डी आली. क्रांती कपाटाची किल्ली मनगटाला अडकवून बायकांच्या कपडे बदलायच्या रांगेत गेली आणि ती रांग काही हलेना. बाहेर उन्हात वीरधवल, त्याची गुलाबी चड्डी आणि काखेत हातपाय झाडणारी शिवू.

"पप्पा पायजे! मला पप्पाकडं जायाचंय! सोडा मला!"

नेमकं त्याच आठवड्यात पोरं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज गावागावातल्या मोबाईलवर फिरत होता. लालासाहेब नावाचा तिथला सिक्युरिटीवाला तर तो रोज सकाळी वाचून मगच चहा घ्यायचा. तो काठी आपटत पुढे आला.

"काय वं? का रडतीया पोरगी?"

"बापाकडं जायचं म्हंतीया."

"मग न्या की बापाकडं."

"मीच बाप हाय!"

लालासाहेबाने त्याला गुलाबी चड्डीपासून वरपर्यंत निरखलं. मग वाकून गोड आवाजात विचारलं, "बाळ, ह्ये कोण गं तुझं?"

शिवूने हुंदका गिळला आणि खरं ते सांगितलं, "पावनं."

एवढं पुरे झालं. बघता बघता माणसं गोळा झाली. ओल्या अंगाची पोरं, टॉवेल गुंडाळलेले बाप, भज्यांची पुडी घेतलेली एक म्हातारी. कुणीतरी वीरधवलचं मनगट धरलं. त्या माणसाला दोन मिनिटांत आडवा करणं त्याला अवघड नव्हतं, पण काखेत लेक होती आणि ती घाबरली होती. त्याने मनगट तसंच धरू दिलं.

"मग ही पप्पा म्हंती कुणाला?" लालासाहेबाने उलटतपासणी सुरू केली.

"माझ्या भावाला."

गर्दीतून 'अरारारा' असा सूर निघाला. तेवढ्यात क्रांती धावत आली, आणि वीरधवलला वाटलं सुटलो. पण करायला गेला गणपती अन् झाला मारुती.

"आवं, ह्ये माझं मालक हायेत. पोरगी आमचीच हाय," क्रांती म्हणाली.

"टोळीत बाया बी असत्यात, ताई. मेसेजमधी लिवलंय तसं. काय पुरावा?"

क्रांतीने धावत जाऊन कपाटातून सामान आणलं. वीरधवलने फौजेचं ओळखपत्र पुढे केलं. लालासाहेबाने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि आदराने परत दिलं. "कार्ड मिल्ट्रीचं हाय साहेब. बापाचं न्हवं. पोरीसंगट फोटू असंल तर दावा."

क्रांतीने मोबाईल उघडला. फोटो शेकड्यांनी होते. शिवू बारशाच्या पाळण्यात, दोरी ओढतोय ऋषिराज. शिवू केक कापताना, हात धरलाय ऋषिराजने. शिवू बैलावर, ट्रॅक्टरवर, उसाच्या बांधावर, आणि प्रत्येक वेळी तिच्या कमरेला आधार ऋषिराजच्या हाताचा. लालासाहेब एकेक फोटो सरकवत होता आणि शेजारून वीरधवल बघत होता. सुट्टीतले त्याने स्वतःच काढलेले, बाकीचे तो नसतानाचे, सगळे त्याला पाठ होते. रेंज आली की तो तेच बघत बसायचा, पण तेव्हा त्याचं लक्ष फक्त शिवूवर असायचं. त्यात आपण कुठेच नाही हे आज परक्या माणसाच्या बोटाखाली पहिल्यांदा दिसलं.

"ह्ये कोण?" लालासाहेबाने विचारलं.

"आमचे थोरले दीर," क्रांती म्हणाली.

"आन् पोरगी पप्पा म्हंती त्ये...?"

"त्यास्नीच."

भजीवाल्या म्हातारीने पदर तोंडाला लावला. आपण काय बोललो हे क्रांतीला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर ती बिचारी कानापर्यंत लाल झाली.

अखेर ऋषिराजला फोन लागला. तो उसाला पाणी पाजत होता. लालासाहेबाने स्पीकर चालू केला. पलीकडून नुसतं "हॅलो" आलं मात्र, शिवूने फोनवर झडप घातली, "पप्पाऽ! मला न्या!"

"साहेब, तुमी असाल तसं निगा," लालासाहेब म्हणाला.

ऋषिराज खरोखरच असेल तसा निघाला. गावातल्या धुळा धनगराची मोटारसायकल मागून घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला टॉवेल. त्याला बघताच शिवूने वीरधवलच्या काखेतून अशी काही उडी घेतली की तो आडवा पडता पडता वाचला. लालासाहेबाने तिला मधेच झेलून अलगद ऋषिराजच्या हातात दिलं. "घ्या, तुमची पोरगी. असं कुनाच्याबी संगट धाडत जाऊ नका."

"आवं, बाप त्यो हाय!" ऋषिराज कळवळून ओरडला. "मी चुलता! माझी पोरं मला पप्पा म्हंत्यात, त्यांचं ऐकून हीबी म्हंती. ह्यो फौजेत असतुया, हिला ठावंच न्हाई ह्यो!"

मग कुठे उलगडा झाला. म्हातारी म्हणाली, "आग्गं बया! आमच्यात नातू बापाला सुर्व्या म्हंतो, तसलंच की ह्ये!" हशा उसळला. ज्याने मनगट धरलं होतं त्याने भजी आणून दिली, लालासाहेबाने कडक सलाम ठोकला. वीरधवलही हसला. पण परत येताना शिवू पुढच्या गाडीवर ऋषिराजच्या पुढ्यात बसली होती, आणि मागच्या गाडीवर क्रांती वीरधवलच्या पाठीला टेकली होती.

घरी आल्यावर ऋषिराजने मनाशी काहीतरी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून शिवूच्या हाकेला तो ओ देईना. ती "पप्पा" म्हणाली की मान फिरवायचा. तिने पायजमा ओढला तर म्हणायचा, "मी न्हाई पप्पा. पप्पा त्यो. त्याच्याकडं जा." आवाज शक्य तितका कडक करायचा, पण मधेच फाटायचा. शिवू एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा वीरधवलकडे. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. संध्याकाळी ती कणगीच्या मागे जाऊन बसली. बनुबाईने दूधभाताचा घास पुढे केला तर तोंड मिटून घेतलं. मोठ्याने रडलीसुद्धा नाही.

वीरधवलने ते पाहिलं. आपल्यापायी हिचा होता तो बाप गेला, आणि नवा काही मिळाला नाही, हे त्याला लख्ख कळलं. पोरीचं हे तोंड डोळ्यापुढे घेऊन तो पुन्हा सीमेवर कसा उभा राहणार होता? दोन दिवसांनी त्याला निघायचं होतं. तो कणगीमागे वाकला, तिला उचललं. ती लाकडासारखी ताठ झाली. तशीच तिला घेऊन तो अंगणात ऋषिराजपुढे जाऊन उभा राहिला.

"पप्पा," तो स्वतःच्या थोरल्या भावाला म्हणाला, "आवं पप्पा, तुमची पोरगी हाका मारतीया. ओ द्या की."

"काय बोलतुयास वीरू?"

"ओ द्या म्हंतो न्हवं, दादा."

ऋषिराज "ओ" म्हणाला आणि त्याने हात पुढे केले. शिवूने त्याच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेना. बऱ्याच वेळाने तिचे हुंदके थांबले. मग तिने त्याच्या खांद्यावरून मान वर काढली. रिकाम्या हातांनी वीरधवल अजून अंगणात तसाच उभा होता. दारात आलेलं माणूस असं उभं ठेवायचं नसतं, हे त्या घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"पावनं," ती म्हणाली, "बसा की. आई, पावन्यास्नी च्या ठेव."

"बसतो की," वीरधवल म्हणाला, आणि आपल्याच घरच्या बाजेवर, अगदी कडेला, गुडघे जुळवून बसला.