वरच्या मजल्यावरचा गुडघा

दिवेलागणीला घड्याळजींच्या बैठकीच्या खोलीत तीन माणसं माना वर करून छताकडे बघत बसलेली असत. चौथे स्वतः घड्याळजी. ते बघत नसत, डोळे मिटून ऐकत. लोकांची बंद पडलेली घड्याळं कानाशी धरून त्यांनी आयुष्यभर संसार चालवला होता. म्हातारपणी दुकान विकलं, पण कान काही विकले नव्हते.

छताच्या वर बाण राहत असे. बाण म्हणजे गावच्या फुटबॉल क्लबचा अगदी कोवळा स्ट्रायकर. चेंडू मिळाला की इकडेतिकडे न बघता सरळ गोलाकडे सुटायचा, म्हणून बाण. असं पोरगं गावाला क्वचित मिळतं, आणि मिळालं की गाव त्याची काळजी करून करून त्याला जेरीस आणतं. मोठा क्लब त्याला नेईल का, नेलाच तर खेळवेल की बाकावर बसवून सडवेल, या प्रश्नांनी लोकांची झोप उडाली होती. त्याची स्वतःची उडाल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं.

त्याने वरचं घर भाड्याने घेतलं आणि घड्याळजींकडे पुन्हा माणसं येऊ लागली. त्याआधीचं वर्ष फार वाईट गेलं होतं. बायको गेली आणि तिच्यामागोमाग घरातलं बोलणंही गेलं. मास्तर, कंपाउंडर आणि नळवाला हे घड्याळजींचे जुने मित्र, एकाच बाकावर बसून मॅच बघणारे. सुरुवातीला ते यायचे. पण येऊन तोंड पाडून बसायचे, जेवण वेळेवर होतं ना असं विचारायचे, आणि चहा संपायच्या आत कुणाला तरी एखादं काम आठवायचं. पुढे पुढे ते काम त्यांना आपापल्या घरीच आठवू लागलं आणि त्यांचं येणं थांबलं. संध्याकाळी घड्याळजी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसून राहत. आपण असेच बसल्या बसल्या संपणार, याची त्यांना खात्री पटत चालली होती.

म्हणूनच एके संध्याकाळी गप्पांना ओहोटी लागली आणि मास्तरांनी दुसऱ्यांदा घड्याळाकडे बघितलं, तेव्हा घड्याळजी घाबरले. त्यांनी कान टवकारले. वर बाण चालत होता. टप्, फस्स. टप्, फस्स.

"ठोका चुकतोय," ते म्हणाले.

"कसला ठोका?"

"पायांचा. एक पाय नीट पडतोय, दुसरा घासतोय. डावा असावा."

मास्तर उठता उठता परत बसले. कंपाउंडरने कप खाली ठेवला. दवाखान्यात गोळ्यांच्या पुड्या बांधण्यात त्याची उभी हयात गेली होती आणि तो डॉक्टरांपेक्षा लवकर निदान करी, कारण त्याला रोग्याला तपासावं लागत नसे. त्याने नुसतं छताकडे बघितलं आणि खिन्नपणे मान हलवली.

"गुडघा," तो म्हणाला. "आतला दोरा तुटलाय. हा जोडला तरी जुळत नाही."

"मग पुढे?" नळवाल्याने विचारलं.

पुढचं सांगणं हे मास्तरांचं खातं. त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि जग कुठे चाललंय हे त्यांना त्यामुळे कायम ठाऊक असे. गुडघा गेला की वेग जाणार, वेग गेला की बाणाचा खुंटा होणार, मोठा क्लब तोंड फिरवणार, गावचा क्लब त्याला लहान मुलांचा प्रशिक्षक करणार आणि चाळिशीत तो खेळाच्या सामानाचं दुकान टाकून शिट्ट्या विकत बसणार. त्यांनी इतक्या तपशिलाने सांगितलं की दुकानाला गिऱ्हाईक नाही हेसुद्धा सगळ्यांना दिसू लागलं. त्या रात्री मंडळी उशिरापर्यंत बसली. सगळे अतिशय दुःखी होते आणि घड्याळजींना कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

मात्र नळवाला दिवसभर लोकांच्या मोऱ्यांमधून हिंडत असे आणि काम करताना त्याला गप्प बसवत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुडघा घरोघर पोचला. संध्याकाळी मैदानाबाहेर त्याची चर्चा झाली. त्यानंतर पेपरात आतल्या पानावर चौकट आली, की बाणाचा गुडघा गेल्याचं विश्वसनीय गोटातून समजतं. ती चौकट वाचून कोच बिचकला आणि त्याने खबरदारी म्हणून बाणाला पुढच्या मॅचला बाकावर बसवलं. बसवला म्हणजे काहीतरी असणारच, असं गाव म्हणालं. क्लबच्या डॉक्टरांनी त्याला उलटासुलटा करून तपासलं आणि त्यांना काहीच सापडलं नाही. त्यावर कंपाउंडर म्हणाला की दुखणं किती खोल गेलंय ते यावरूनच ओळखा.

एके दुपारी घड्याळजींच्या दाराची कडी वाजली. बाहेर खांद्याला मोठी बॅग लावून खुद्द बाण उभा होता. दोन्ही पायांवर अगदी व्यवस्थित.

"काका, मी घर सोडतोय. म्हटलं तुम्हाला सांगून जावं," तो म्हणाला. "क्लबच्या खोल्यांमध्ये राहायला बोलावलंय. डॉक्टरांच्या नजरेखाली."

"गुडघ्यासाठी?" घड्याळजींनी चाचरत विचारलं.

"गुडघ्याला काही झालेलंच नाही हो. कुणी उठवलंय देव जाणे. माझी आई रोज फोन करून रडते." तो जिन्याकडे वळला आणि पुन्हा थांबला. "तुम्हाला वरच्या आवाजाचा त्रास झाला असेल तर माफ करा. एक चप्पल गॅलरीतून खाली पडली होती. आणायचा कंटाळा केला. फरशी गार लागते, म्हणून एकाच पायात घालून फिरत होतो."

घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे कानांनी अचूक ऐकलं होतं. एका पायात चप्पल होती, एक अनवाणी. तोंडाने मात्र एका धडधाकट पोराला लंगडा करून ठेवलं होतं. त्याला खरं सांगावं, असं त्यांना फार वाटलं. पण बाण जिना उतरत होता, एकेक पायरी सोडून, आणि घड्याळजींच्या मनात त्याआधी दुसराच विचार येऊन बसला होता. आता संध्याकाळी वर कुणी चालणार नाही. मग खाली कोण येईल? हा विचार आधी आला याची त्यांना लाज वाटली, पण आला तो आलाच.

म्हणून त्यांनी ठरवलं की बोलायचं नाही. आवाज आला नाही तर पोरगा आज झोपून आहे म्हणायचं. उद्या त्याच्या पायाला पट्टी बांधली आहे म्हणायचं. परवाचं परवा.

संध्याकाळी मास्तर आणि नळवाला आले. कंपाउंडरला दवाखान्यात थांबवून घेतल्याचं नळवाल्याने सांगितलं. घड्याळजींनी चहा ठेवला. पट्टीचं वाक्य त्यांनी मनात घोळवून ठेवलं होतं. ते ओठांवर येतंय तोच छतावर आवाज झाला.

टप्, फस्स. टप्, फस्स.

घड्याळजींच्या हातातला कप कलंडला. "पोरगा आज फारच ओढतोय पाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फडक्यासाठी हात पुढे केला.

काहीतरी विसरलं असेल, ते न्यायला परत आला असेल, असं घड्याळजींनी स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवशीही पावलं वाजली. त्या दिवशी नळवाला आला नव्हता. तिसऱ्या दिवशी पाय घासत होता तो उजवा. कंपाउंडरला याचं जराही नवल वाटलं नाही. डाव्या गुडघ्याचा भार उजव्यावर येतो आणि मग तोही जातो, असं त्याने समजावून सांगितलं. आता माणसाला दोनच गुडघे असल्यामुळे याच्या पुढे काय उरलं, असं तो म्हणाला.

रविवारी बाण मैदानात उतरला आणि त्याने लागोपाठ दोन गोल मारले. दुसरा तर त्याने अर्ध्या मैदानातून चेंडू आणत, तिघांना मागे टाकून मारला. गाव नाचलं. सोमवारी संध्याकाळी छतावर पुन्हा टप्, फस्स सुरू झालं. घड्याळजी श्वास रोखून मित्रांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता यांना कळणार आणि हे उठून जाणार, अशी त्यांची खात्री झाली.

"सुया टोचून खेळवतात," कंपाउंडर म्हणाला. "रविवारी धावला ना, त्याचं आज व्याज देतोय."

"दोन गोल मारायची गरजच नव्हती," नळवाला म्हणाला. "एकात भागलं असतं."

घड्याळजींनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाण क्लबच्या खोलीत आहे हे त्यांना माहीत होतं. मग वर कोण होतं? चोर असता तर रोज येऊन लंगडला नसता. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, पण रात्री त्यांनी मधल्या खोलीतला दिवा चालू ठेवायला सुरुवात केली.

शेवटी त्यांनी आपल्या कानांना कामाला लावलं. त्या दिवशी मास्तर आले नव्हते. पुतण्या आलाय, असा निरोप होता. घड्याळजी डोळे मिटून बसले. वरचं पाऊल जड होतं, वय झालेल्या माणसाचं. ते खिडकीपर्यंत जाई, थांबे, सावकाश वळे, पुन्हा भिंतीपर्यंत येई, थांबे. मधूनच एका जागी उभं राही. पाठमोऱ्या पोरांमध्ये कोण बोलतंय ते बघत वर्गात फिरणारा माणूस असाच चालतो.

"दूध संपलंय, आणतो," असं म्हणून घड्याळजी उठले आणि खाली जायच्या ऐवजी वर गेले.

वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. रिकाम्या खोलीत मास्तर उभे होते. एका पायात बूट, दुसऱ्या पायात मोजा, आणि हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट. ते दचकले, पण आयुष्यभर वर्गासमोर उभं राहिल्यामुळे लगेच सावरले.

"दार लावून घे आधी," ते म्हणाले. "खाली आवाज जातो."

"मास्तर, हे काय चाललंय?"

"दिसत नाही का? लंगडतोय."

घड्याळजी भिंतीला टेकले. मास्तरांनी बिस्किट खिडकीत ठेवलं आणि सगळं सांगितलं. बाण गेला त्याच दिवशी घरमालकाने नवीन भाडेकरूसाठी नळ दुरुस्त करायला नळवाल्याला बोलावून किल्ली दिली होती. तिघांनी मिळून लंगडायची पाळी लावली. नळवाल्याने मालकाला कळवलं होतं की पाइप आतून सडलेत, सगळेच बदलावे लागतील, आणि या कामाला किती दिवस लागतील ते काही सांगता येत नाही.

"तो गेल्याचं मला ठाऊक होतं," घड्याळजी म्हणाले. "जाताना मला सांगून गेला. त्याला कसलाच आजार नव्हता, मास्तर. एकाच पायात चप्पल होती, दुसरी खाली पडली होती. नसतं बोलून बसलो मी."

"मग सांगितलं का नाहीस आम्हाला?"

"तुम्ही यायचं बंद केलं असतं."

मास्तर खाली, आपल्या एका बुटाकडे बघत राहिले.

"वहिनी गेल्यावर तुझ्याकडे आलो ना, की काय बोलावं तेच सुचायचं नाही रे," ते म्हणाले. "काहीही बोललं तरी ते तिच्यापाशीच येऊन थांबायचं. मग तुझा चेहरा बघवायचा नाही. म्हणून आम्ही टाळलं. मित्र म्हणवून घेतो आणि टाळलं, याची लाज वाटायची, त्या लाजेने अजूनच टाळलं. मग तू म्हणालास त्याचा पाय घासतोय, आणि आम्हाला बोलायला काहीतरी मिळालं. तो गेल्याचं कळलं तेव्हा पहिली भीती हीच वाटली, की आता परत तुझ्यासमोर नुसतं बसावं लागणार."

बायको गेली त्या दिवशी लोकांसमोर घड्याळजींना रडू आलं नव्हतं. ते आत्ता, परक्याच्या रिकाम्या खोलीत, बिस्किटाचे कण पडलेल्या फरशीकडे बघताना आलं. मास्तर जवळ आले आणि काय करावं ते न कळून त्यांनी घड्याळजींच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"जा तू खाली," ते थोड्या वेळाने म्हणाले. "मी चालायला लागतो. फार वेळ आवाज आला नाही तर कंपाउंडर पाय कापून मोकळा होईल."

घड्याळजींनी जिन्यात डोळे पुसले आणि ते खोलीत आले. दूध त्यांच्या हातात नव्हतं. नळवाल्याने त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग डोळ्यांकडे बघितलं, आणि तो घाईघाईने आपल्या कपात डोकावू लागला. कंपाउंडर खाकरला. घड्याळजींना सगळं कळलंय की अर्धं, याचा अंदाज त्याला येईना. वर पावलं पुन्हा सुरू झाली होती, आता तर दोन्ही पाय घासत होते.

"वर जाऊन आलास वाटतं," कंपाउंडरने जपून विचारलं. "कसा आहे गुडघा?"

घड्याळजी आपल्या खुर्चीत बसले, या खेपेला चांगले मागे रेलून. डोळे मिटून त्यांनी वरच्या पावलांना कान लावला.

"वाईट आहे," ते म्हणाले. "लवकर बरा व्हायचा नाही. वर्ष-दोन वर्षं तरी आपल्याला रोज बघावं लागणार."

"मला वाटलंच होतं," कंपाउंडर म्हणाला आणि त्याने आणखी चहासाठी कप पुढे केला.