मोटेकाकांची ड्यूटी

मोटेकाकांना नुसतं "भात झाला" असं सांगून भागायचं नाही. ते विचारायचे, "नंबर?" मग सूनबाई मनाला येईल तो दोन आकडी नंबर सांगायची, काका तो वहीत टिपायचे, आणि त्यानंतरच भात झालेला असायचा.

काका भुसावळचे, निवृत्त स्टेशनमास्तर. दोन स्टेशनांनी फोनवर एकमेकांना खात्री द्यायची तर प्रायव्हेट नंबर द्यायचा, हा रेल्वेचा नियम. निवृत्तीनंतर तो घराला लागू झाला. मी त्यांची आयर्लंडमधली शेजारीण, इथल्या स्लायगोच्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलंय हेसुद्धा त्यांनी माझ्याकडून नंबर घेऊनच मान्य केलं.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत ते मुलाकडे, नीलेशकडे, दोन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली. आमच्या गावातून रेल्वे जाऊन जमाना झाला. रूळ गेले, फलाट उरला, आणि फलाटावर गावकऱ्यांनी जपलेली एक हिरवी लाकडी फोनची खोली. जेमतेम एक माणूस मावेल एवढी. आत हँडल फिरवायचा काळा फोन. काकांनी ती पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ड्यूटीवर जाऊ लागले.

एकदा नीलेश कुंपणापाशी आला. "बाबा त्या बंद फोनवर बोलतात," तो हळूच म्हणाला. "हसतातसुद्धा. तू जरा बघशील?"

सुट्टीच्या दिवशी मी गेले. काका हँडल फिरवत होते. "हॅलो मायकेल! ऑल करेक्ट? नंबर प्लीज!"

रिसीव्हरमधून खरखरीत आवाज आला, "ग्रँड, मास्टर. फोर्टी-सेव्हन."

मी दोन मीटरचा नियम मोडून जवळ गेले.

मायकेल हा रस्त्यापलीकडे राहणारा म्हातारा सिग्नलवाला. एकटाच. शाळेची मुलं खोली बघायला आली की पलीकडून कुणीतरी बोलावं, म्हणून त्याने स्वतःच्या किचनपर्यंत वायर टाकली होती. आता सत्तरीपुढच्यांना घराबाहेर पडायला मनाई होती. काका अडुसष्टचे. ते भुसावळचं ऊन सांगत, मायकेल इथला पाऊस.

"काका, त्याचं बोलणं कळतं तुम्हाला?"

"एक शब्द नाही. पण नंबर चोख देतो."

नोव्हेंबरात एका सकाळी नंबर आला नाही. काका तीनदा हँडल फिरवून थेट माझ्या दारात.

"डॉक्टर, चला. पलीकडून उत्तर नाही."

"झोपला असेल हो."

"चला म्हणतो ना!"

त्याचं मागचं दार उघडंच होतं. मायकेल किचनच्या फरशीवर पडला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, अंग गार, पण शुद्धीवर. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत काका त्याच्यावर स्वतःचा कोट घालून, त्याचा हात धरून शेजारी मांडी घालून बसले. मास्क नाकावर नीट.

मायकेल वाचला, नाताळाआधी घरीही आला. पण ते नंतरचं. त्या सकाळी ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी म्हटलं, "वेळेवर आलात, काका."

ते पायरीवर बसले.

"ही गेली ना, तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. वाटलं, दमलीय, झोपू दे. दोन तास हाक मारली नाही."

काका उठले, आत गेले आणि मायकेलच्या सिंकमधली एकुलती एक बशी, एकुलता एक कप विसळू लागले.